मागची गाडी, आलास का?

मी सोलापुरात रेडिओ-मिक्सर दुरुस्त करतो. 'घरात कुणीतरी कुजबुजतं' म्हणून बोलावणं आलं, की तिथे मला हमखास एखादी सैल वायर सापडते... त्यामुळे असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टिंगलच केली. ही मात्र माझ्याच गाडीत घडली, भर दुपारी, शेजारी आई असताना.

माझा मोठा भाऊ, दादा, चादरींचा ट्रक घेऊन नागपूरला जायचा. मागे रफिकचा दुसरा ट्रक. दोघांकडे वॉकीटॉकी. दादा पुढून रस्ता सांगायचा — "खड्डा हाय, डावीकडनं घे" — आणि मागून "आलो" असं ऐकू आल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. बाकीचे ड्रायव्हर त्याला चिडवायचे, पण त्याचा नियम म्हणजे नियम!

गेल्या उन्हाळ्यात रफिक आजारी पडला, म्हणून दादा एकटाच गेला. यवतमाळच्या पुढे ट्रक सापडला. माल जागेवर, किल्ली जागेवर... दादा नाही.

काही महिन्यांनी तिकडच्या पोलिसांचा फोन आला. ट्रक सापडला त्याच सुमारास तिकडे एक बेवारस मृतदेह मिळाला होता, अंत्यसंस्कारही झाले होते. आता कपडे ओळखायला या. आई म्हणाली, "मीबी येते. माज्या पोराचे न्हाईत ते, बघ तू."

पहाटे निघालो. तुळजापूर, लातूर, नांदेड... आई समोरून येणारा प्रत्येक ट्रक निरखत होती. ते बघवेना म्हणून मी स्कॅनर लावला. आजूबाजूच्या वॉकीटॉकीवरचं बोलणं तो पकडतो. फक्त ऐकवतो, त्यातून बोलता येत नाही. यवतमाळ मागे पडलं आणि खरखरीतून आवाज आला —

"मागची गाडी, पुढं म्हशी हायत. हळू घे."

वळणापलीकडे खरंच म्हशी होत्या. मी ब्रेक दाबला.

"दादाच हाय की रं!" आई ओरडली.

"पूल लई अरुंद हाय. दमानं." पूल आला. अरुंदच होता. "मागची गाडी... आलास का?"

आईने स्कॅनर दोन्ही हातांनी तोंडाशी धरला. "आलो रं बाळा! आमी आलो!"

"आलास का? बोल की."

"आई, ह्याला माईक नसतो गं..." मी सांगत राहिलो. ती ऐकेना. घसा बसेपर्यंत ती "आलो, आलो" ओरडत होती आणि तिकडे दादा तेच विचारत होता. मग नुसती खरखर उरली. मी पुढे जाऊन पाहिलं, मागे येऊन पाहिलं... रस्ता रिकामा.

पोलिस ठाण्यात पिशवी उघडली. शर्टचा खिसा उसवलेला होता, तो कुणीतरी हाताने शिवला होता. आईने त्यावर बोट फिरवलं.

"ह्ये टाके माजेच हायत," एवढंच म्हणाली.

नंतर मी वॉकीटॉकी विकत घेतला. रफिकला घेऊन त्याच रस्त्याने गेलो, बॅटरी संपेपर्यंत दोघं "आलो दादा, आलो" म्हणत राहिलो. काही नाही. कुठली वायर सैल होती, कुणी समजावून सांगेल तर मी पाया पडेन.

आई रोज विचारते, "त्येला ऐकू गेलं असंल का रं?"

मी दुरुस्तीला आलेला रेडिओ उघडून बसतो. "आलो" ऐकल्याशिवाय दादा पुढे सरकत नाही, हे तिलाही माहीत आहे.