लग्नाआधीचं नाव

नवीन पनवेलला, खांदा कॉलनीतल्या माझ्या सासरी अख्ख्या घराला ई-मेलचा पत्ता एकच होता. सासऱ्यांनी तो आडनावाला पिनकोड जोडून बनवला होता आणि पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवली होती. "घरात लपवायचं काय असतं?" म्हणायचे. सगळ्यांची पत्रं आधी तेच उघडायचे.

बेलापूरच्या एका ऑफिसनं मला मुलाखतीला बोलावलं. सासऱ्यांनी माझ्या नावानं परस्पर उत्तर ठोकून दिलं, कौटुंबिक कारणांमुळे येऊ शकत नाही. मला महिन्यानं कळलं. "इंग्रजी कसं झालंय बघ," वर हे! त्या दिवशी आलेला राग अजून उतरलेला नाही आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

मी कामोठ्यात कॉम्प्युटरचा क्लास लावला. तिथले सर सांगायचे, ऑथेंटिकेशन म्हणजे समोरचा माणूस तोच आहे याची खातरजमा. मशीनला चेहरा दिसत नाही, पासवर्ड दिसतो. म्हणजे माझ्या नावानं पत्र लिहिणारे सासरे मशीनच्या लेखी मीच! एन्क्रिप्शन म्हणजे मजकुराचा असा चेंदामेंदा, की किल्ली असलेल्यालाच तो पुन्हा वाचता यावा. 'पब्लिक की', म्हणजे सार्वजनिक किल्ली, त्यांनी देवळातल्या दानपेटीवरून समजावली. टाकायला कुणालाही मोकळीक, उघडायची किल्ली मात्र एकाकडेच. वाटेतल्या चोराचा सगळा बंदोबस्त होता. घरातल्याचं काय, असं विचारलं तर सर हसले. मला हसू आलं नाही.

मी स्वतःचा वेगळा पत्ता उघडला. पासवर्ड विसरलाच तर मशीननं काय विचारायचं, तेही ठरवायचं होतं. सरांनी बजावलं होतं, घरच्यांना ठाऊक असलेलं उत्तर ठेवू नका. मी प्रश्न लिहिला, लग्नाआधीचं नाव. माझ्या सासरी ती भीती नव्हती. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेही सासऱ्यांनी निवडलेलं, आणि जुनं त्याच दिवशी संपलं. पुढे नवऱ्यानंही कधी त्या नावानं हाक मारली नाही.

मी पुन्हा अर्ज केला, या वेळी माझ्या पत्त्यावरून. उत्तराची वाट बघत होते. एका दुपारी पाहिलं तर सासरे कॉम्प्युटरसमोर. स्क्रीनवर मशीननं लक्षात ठेवलेला माझा पत्ता, त्याखाली माझा प्रश्न. एक-दोन उत्तरं चुकली असावीत, कारण ते उठून स्वयंपाकघराच्या दारात आले.

"सूनबाई, लग्नाआधी तुझं नाव काय होतं गं?"

सात वर्षांत त्या घरात हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं, आणि तेही मला हाक मारायला नव्हे, माझं पत्र उघडायला.

"तुम्हीच बदललंत ना, बाबा? आठवून बघा," म्हटलं, चपला घातल्या आणि कामोठ्याची रिक्षा पकडली. क्लासमधल्या कॉम्प्युटरवर बसले. बेलापूरचं पत्र आलेलं होतं, ठळक अक्षरांत, अजून कुणीही न उघडलेलं.