रविवारी येतो, असा निरोप

मध्य प्रदेश नवा होता आणि नव्या राज्याला सगळंच नवं हवं होतं. इंदूरच्या आमच्या मुलींच्या शाळेच्या वाट्याला मार्गदर्शन कक्ष आला. मी मराठी शिकवत होते. भोपाळला छोट्याशा प्रशिक्षणाला पाठवून मला मार्गदर्शक करण्यात आलं. कक्ष म्हणजे लेझमांची खोली. लेझमं कोपऱ्यात सरकवली, एका साहेबांनी फीत कापली, बालमनावर लांबलचक भाषण केलं आणि एकाही बालिकेशी न बोलता ते जीपमध्ये बसले. दारावर पाटी लागली : 'येथे बोललेले येथेच राहील.'

बरेच दिवस मुली एवढंच विचारत, की विज्ञान घेऊ का गृहविज्ञान. तेवढ्या गुपितांना पाटी पुरेशी होती.

मग आठवीतली एक मुलगी आली. तिचे वडील वारले होते, आई गावी, बेटम्याला असायची आणि ही शिकायला इथे काकांकडे. तिने दार लोटून घेतलं आणि बाही वर केली. दंडावर पट्ट्याचे वळ होते. काही निळे, काही पिवळे पडलेले, म्हणजे जुने.

"पाठीवर पण आहेत," ती म्हणाली. "काकांना गुस्सा आला की होतं असं. पण बाई, कुणाला सांगायचं नाही हं. मी बोलले असं त्यांना माहीत पडलं तर मला बेटम्याला धाडून देतील. तिथे आमच्या घरच्या मुली पुढे शिकतच नाहीत."

"मग मला का दाखवलंस?"

"शाळा सुटल्यावर इथे बसू द्या ना. क्लास आहे म्हणून सांगेन घरी. संध्याकाळी काका फिरायला निघतात, मग मी जाईन."

भोपाळला मला गुप्ततेवर पुष्कळ शिकवलं होतं. वळ दिसले तर काय करायचं, ते शिकवलं नव्हतं. गप्प राहिले तर ती मार खात राहणार. बोलले तर शाळा जाणार. मी तिला सरळ सांगितलं, की रोज इथे बस, पण हे मला एकटीला पोटात ठेवता येणार नाही. मुख्याध्यापिकाबाईंना सांगावं लागेल.

ती दाराकडे बघत म्हणाली, "बाहेर तर तसं लिहिलंय."

मी उठून मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीकडे निघाले.

मुख्याध्यापिकाबाई वाईट नव्हत्या. ऐकून त्यांचे डोळे भरून आले. मी पोलिसांचं नाव काढताच मात्र त्या दचकल्या. "अहो, दरबारी घराणं आहे ते! आणि चौकीवाले तरी काय म्हणणार? घर का मामला है, बाईजी. आपणच जाऊन चार शब्द बोलू."

"मग आजच जाऊ. न कळवता."

"असं कुणाच्या घरी टपकायचं? आपल्यात रीत आहे का?"

रीत अशी, की शिपायाबरोबर आधी निरोप गेला : बाई रविवारी येतील.

रविवारी घर आमची वाट बघत होतं. भिंतीवर काकांच्या पणजोबांची तलवार होती; ती म्यानातून शेवटची कधी निघाली, हे घरात कुणाला ठाऊक नसावं. मुलीच्या अंगात, ऐन उन्हाळ्यात, मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं होतं. ती पोह्यांच्या बश्या घेऊन आली.

"तुम्ही कशाला तकलीफ घेतलीत?" काका म्हणाले. "हुकूम करायचा, आम्ही आलो असतो."

मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, घरी काही त्रास नाही ना?"

"नाही बाई."

गणित सुटल्यासारखं बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला हिच्याशी आत जाऊन बोलायचंय.

"इथेच बोला ना. आमच्याकडे काही आडपडदा नाही," म्हणत काकांनी खुर्ची जवळ ओढली.

मुलीने माझ्याकडे बघून मान किंचित हलवली. नको. मी पोहे खाल्ले. निघताना काका म्हणाले, "मार्गदर्शनाचं काम फार उत्तम आहे. चालू ठेवा."

सोमवारी तिची जागा रिकामी होती. तिला बेटम्याला पोचवून झालं होतं.

मी बेटम्याला गेले तेव्हा ती ओसरीवर डाळ निवडत होती. आईने पाणी दिलं आणि दीर करतील ते खरं, एवढंच म्हणाली. मी काही विचारायच्या आधीच मुलीने दंड दाखवले. वळ मावळले होते. मग हळूच म्हणाली, "आठवी बाहेरून देता येते का, बाई?"

चौकशी केली. देता येत होती. पालकाची सही लागणार होती, आणि शाळेच्या दप्तरी पालक काका होते. आईचं नाव घालायचं, तर त्यालाही काकांचीच संमती हवी होती.

या वेळी काकांकडे निरोप न देता गेले. काका तितक्याच अदबीने उठले. "बसा, बसा. पोरगी आईजवळ खुश आहे. आपल्याला तिचीच काळजी होती ना? मग आता परीक्षा-बिरीक्षा कशाला?" त्यांनी आत बघून हाक दिली आणि पोहे आले.

सही मिळाली नाही, हे तिला सांगायला पुन्हा बेटम्याची बस धरली. ती ओसरीवरच होती. डाळ बाजूला सारून, पुस्तकं घेऊन बसलेली.