उपाशी बाईचा घाम

नोकरीतली बरीच प्रकरणे फायलींबरोबर बंद झाली. भांडगावच्या बाजूचे हे एक झाले नाही. नव्वदचे दशक संपत आले होते आणि फौजदार म्हणून माझी नेमणूक दौंड तालुक्यात होती.

सकाळी ठाणे अंमलदार रात्रपाळीचा अहवाल देत असताना एक शेतकरी धापा टाकत आत आला. त्याची भाची दौंडच्या एका दवाखान्यात दाखल होती. वय नऊ-दहा. शाळेला निघताना अंगणात पडली. तोंडातून लाळ, हातापायांना झटके. मुलीची आई, म्हणजे याची बहीण, वारलेली होती. बापाने दुसरे लग्न केले होते आणि तो रांजणगावला कारखान्यात पाळीवर होता.

"साहेब, तिनंच घातलं," मामा म्हणाला. "सावत्र ती सावत्रच. कांद्यावर मारायचं औषध घरातच हाय. पोरीनं च्या घेतला आन् घटकंत आडवी झाली."

तेवढ्यात दवाखान्यातूनही वर्दी आली : कीटकनाशकाची विषबाधा. नोंद घेतली. चहाचे पातेले, साखर, भाकरी पंचांसमक्ष सीलबंद करायला हवालदाराला वस्तीवर पाठवले आणि महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी दवाखाना गाठला. मामाही जीपमधून बरोबर आला.

मुलगी खाटेवर निपचित पडली होती. डोक्याला फडके बांधलेले, अंगावर घोंगडी. डॉक्टर चिंतेत होते.

"पोट धुतलंय. इंजेक्शन दिलं की सावरते, थोड्या वेळानं पुन्हा तेच. विष अजून कुठून तरी अंगात जातंय, साहेब. काय दिलंय ते काढून घ्या. फार वेळ नाही."

मुलीजवळ बसलेल्या सावत्र आईला बाहेर व्हरांड्यात बाकावर बसवले. चौकशी सुरू केली.

"सकाळी पोरीला काय दिलंस?"

"च्या आन् भाकर."

"चहा कुणी केला?"

"म्या."

"तू घेतलास?"

"न्हाई."

"बघा!" मामा मागून ओरडला. "सोता न्हाई घेतला!"

थंडीचे दिवस होते, तरी बाईच्या कपाळावरून घाम ओघळत होता. हात थरथरत होते. ओठांच्या कडेला येणारे पाणी ती पुनःपुन्हा पदराने पुसत होती आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे नीट पाहत नव्हती. असा चेहरा पोलिसांच्या ओळखीचा असतो. माणूस कबुलीच्या जवळ आला की असा दिसतो. मी आवाज चढवला. आत मुलीला पुन्हा झटके आल्याचे ऐकू येत होते.

"साहेब, मला अंधारल्यागत होतंय," बाई म्हणाली.

"आता नाटकं कर!" मामा म्हणाला.

डॉक्टर औषध आणायला बाहेर आले होते. ते थबकले. खिशातली बॅटरी काढून त्यांनी बाईच्या डोळ्यांत उजेड टाकला.

"यांच्याही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. जे मुलीला झालंय तेच यांना झालंय. बाई, सकाळपासून काय खाल्लं?"

"काय न्हाई. संकष्टी हाय. पानी तेवढं घोटभर."

माझ्या बाजूने विचारायचे सगळे प्रश्न तिथेच संपले. तिने तोंडात काही घातलेच नव्हते. उरले होते फक्त हात.

"सकाळी हातानं काय काय केलंत?"

ती आठवून सांगू लागली. झाडलोट. शेण. मग म्हणाली, "पोरीच्या डोक्याला त्ये कांद्याचं औषध चोळलं. उवा झाल्यात. शाळंत पोरी जवळ बसू देत न्हाईत. बाया म्हणत्यात, सावत्र हाय, पोरीच्या डोक्याला हात लावत न्हाई. मग पहाटं तेलात कालवून लावलं आन् फडकं बांधलं. आमच्या म्हायेरी मेंढरांच्या गोचिडांना असंच लावत्यात. कवा मेंढरू मेलं न्हाई."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी खायाचं इचारत व्हता."

डॉक्टर आत धावले. फडके सोडले, केस कापले, साबणाने डोके धुतले. बाईचे हात कोपरापर्यंत धुवून तिला शेजारच्या खाटेवर निजवले. तिथूनच तिने हाक मारली.

"दादा, तुमच्या घरच्या वैनीबी त्यातलं थोडं घेऊन गेल्यात. तुमच्या धाकलीलाबी लावनार व्हत्या."

मामाच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथे काहीच उरले नाही. "साहेब, गाडी," एवढेच तो म्हणाला.

गावातला एकमेव फोन लागला नाही. रस्त्यात उसाच्या बैलगाड्यांची रांग होती. जीपमध्ये मामा पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून बसला होता.

मामाच्या वस्तीवर त्याची धाकटी मुलगी अंगणात उन्हाला बसली होती. डोक्याला फडके, हनुवटीवर लाळ. बापाने तिला उचलले आणि विहिरीच्या पंपाच्या पाइपाखाली धरले.

"आवं, पोर गारठंल की!" बायको ओरडली.

"साबन आन! आधी साबन आन!"

दोन्ही मुली वाचल्या. बाईही सावरली. जप्त केलेल्या अन्नात विष नसल्याचा अहवाल यथावकाश आला आणि प्रकरण अपघात म्हणून बंद झाले. त्याआधी मामा तक्रार मागे घ्यायला आला, तेव्हा बाईही जबाबाला आली होती. बरोबर आणलेल्या मुलीचे डोके तिने आपल्या पदराने झाकले होते. मामाने खाली मान घालून विचारले, "वैनी, राग हाय का?"

"रागाचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "क्यास येतील, तवा उवाबी येतील. मग काय लावायचं, त्ये कुणी सांगंल का?"

मी जबाबाचा कागद तिच्यापुढे सरकवला.

औषधाच्या डब्यावर कवटीचे चित्र होते. ते तिला ठाऊक होते. डबा ती मुलांच्या हाताला लागू देत नसे. विष पोटात जाते, एवढे सगळ्या गावाला माहीत होते, आणि चौकशी करणाऱ्यांनाही. कातडीतून ते आत जाते, हे कोणी कोणाला सांगितलेले नव्हते. शिवाय तिच्यापुढे प्रश्न विषाचा नव्हताच. तो उवांचा होता आणि शेजारणींच्या जिभेचा.

पुढे गावच्या बैठकीत कीटकनाशकांचा विषय निघाला की मी सूचना वाचून दाखवणे सोडले. फवारून उरते, त्याचे काय करता, एवढेच विचारी आणि गप्प बसे. पुरुष म्हणत, काही नाही. मग मागून बायका बोलू लागत. कोणी ढेकणांचे सांगे, कोणी कुत्र्याच्या जखमेचे. एकदा एक तरुण आई सहज म्हणाली, "बाळाला मुंग्या येत्यात, म्हणून पाळण्याच्या दोरीला लावते जरासं."

बैठक तिथेच थांबवली आणि आम्ही तिच्या घरी गेलो.