वाद्य क्रमांक सातमधली फूक

गेल्या उन्हाळ्यात मला एका लहानशा माहितीपटाला संगीत द्यायचं होतं. मी अमरावतीला एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. संगीत हा माझा सुट्टीतला उद्योग. लॅपटॉप, दोन सप्तकांचा छोटा कीबोर्ड आणि हेडफोन एवढ्यावर माझं भागतं. माहितीपट करणारी माझी मैत्रीण, विषय कापसाची सरकी काढणाऱ्या, बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यांचा. तिनं फोनवर एकच सूचना दिली होती, "जुनं वाटलं पाहिजे. पण खरोखरचं जुनं गाणं नको." म्हणजे नेमकं काय, ते मला कळलं नव्हतं, तरी मी हो म्हटलं.

शोधता शोधता एक सॉफ्टवेअर सापडलं. परदेशातल्या कुणा एकट्या माणसानं केलेलं. त्यानं जुन्या कॅसेटींमधून, बिघडलेल्या खेळण्यांमधून, फुटक्या बाजाच्या पेट्यांमधून एकेक सूर उचलून त्यांची वाद्यं बनवली होती. कीबोर्डची पट्टी दाबली की तो सूर वाजणार. शेजारी बटणं : एक फिरवलं की टेप ओढल्यासारखी सुरात लाट यायची, दुसऱ्यानं खरखर वाढायची, तिसऱ्यानं आवाज दूरच्या मांडवातून आल्यासारखा व्हायचा. मी दोन दिवस नुसती खेळत बसले. यादीत सातव्या वाद्यापुढे फक्त 'भारतीय बँड, क्लॅरिनेट' असं लिहिलेलं होतं.

वरचा सा दाबला आणि माझा हात थांबला. सूर लागण्याआधी 'फस्' असा हवेचा आवाज, मग खालून सरकत वर येणारा सूर. असं वाजवणारा एकच माणूस मला ठाऊक होता. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे बाबा.

मोठे बाबा अकोल्याला राहतात. कापसाच्या दिवसांत ते अकोटला जिनिंगमध्ये कामाला जायचे आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. भीमजयंतीच्या मिरवणुकीत एकदा गर्दीत कुणाचं तरी कोपर क्लॅरिनेटच्या टोकाला लागलं आणि त्यांचा वरचा पुढचा दात अर्धा तुटला. तेव्हापासून फुंकताना त्या फटीतून थोडी हवा निसटायची. लहानपणी आम्ही सगळे अकोल्याला एकाच घरात राहायचो; मिरवणूक दोन गल्ल्या लांब असली तरी त्या 'फस्'वरून मी आईला सांगायची, आले म्हणून.

मी तो सूर पन्नासेक वेळा वाजवला असेल. प्रत्येक वेळी खात्री वाटायची आणि हात उचलला की जायची. विद्यार्थ्यांना मी ध्वनी शिकवते, त्यामुळे हे ठाऊक होतं की जगात तुटक्या दाताचे क्लॅरिनेटवाले पुष्कळ असणार. पण ते ठाऊक असण्याचा काही उपयोग होत नव्हता. शेवटी लॅपटॉप आणि कीबोर्ड पिशवीत घातला आणि रविवारी सकाळी अकोल्याची एस.टी. धरली.

मोठ्या आईनं, म्हणजे माझ्या काकूनं, दार उघडलं. मोठे बाबा पंख्याखाली पेपर वाचत होते. पाणी झालं, चहा झाला, माझ्या कॉलेजची चौकशी झाली. मग मी लॅपटॉप उघडून त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला.

"मोठे बाबा, हे आयकून पा."

मी सूर वाजवला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"टेप ओढून राहिली तुही," ते म्हणाले. "स्पिरिटचा बोळा फिरव हेडवर."

"टेप नाही हे. ती लाट मुद्दाम टाकलेली आहे."

"मुद्दाम?" त्यांनी हेडफोन एका कानावरून बाजूला केला. "काहून?"

मी समजावायला लागले, की लोकांना आता असं आवडतं, जुन्याची आठवण होते. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की हा माणूस कॅसेट ऐकून गाणी बसवायचा, उभी हयात टेप ओढू नये म्हणून धडपडला आहे आणि मी त्याला बिघाडाचं बटण दाखवते आहे. मी सगळी बटणं शून्यावर आणली. लाट गेली, खरखर गेली. उरला तो नुसता सूर.

त्यांनी तीनदा ऐकला. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"शिकाऊ आहे कोणी," ते म्हणाले. "फूक सांभाळता येत नाई त्याले."

"तुम्ही नाही हे?"

"मी?" ते हसले. "मी काहून असा वाजवीन?"

मी हेडफोनची वायर काढून तोच सूर लॅपटॉपच्या स्पीकरवर लावला. मोठी आई आत कणीक मळत होती. तशाच पिठाच्या हातांनी ती बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

"हे तं तुमीच आहा," ती म्हणाली.

"तुले काय समजते क्लारनेटातलं?"

"मले क्लारनेट नाई समजत. तुमी समजता."

मोठे बाबा पुन्हा पेपरकडे वळले. पण पान उलटत नव्हते. जरा वेळानं आपणहून बोलू लागले. एका दुपारी त्यांच्या बँडचं रेकॉर्डिंग झालं होतं. अकोल्यातल्या एका कॅसेटवाल्यानं गाद्यांच्या गोदामात सगळ्यांना उभं केलं होतं, आवाज घुमू नये म्हणून. त्या कॅसेटी लग्नघरच्या लोकांना ऐकायला द्यायच्या, म्हणजे त्यांनी गाणी निवडावीत. आमच्या घरात होती तिच्यावर नंतर कुणाच्या तरी लग्नातली भाषणं भरली गेली. बाकीच्या कुठं गेल्या, त्यांना ठाऊक नव्हतं.

"पण दात त्याच्यानंतर तुटला," ते म्हणाले.

"आधी तुटला," मोठी आई म्हणाली. "पोरगी पोटात होती तवा तुटला. रेकॉर्डिंगले मी तिले घेऊन आली होती."

"ते रेकॉर्डिंग नोतं, ते मूर्तिजापूरचं लगन होतं."

असं बराच वेळ चाललं. दोघंही खात्रीनं बोलत होते आणि दोघांची खात्री मला खरी वाटत होती. मी वहीत लिहून घ्यायला सुरुवात केली होती, मग खोडलं, मग वही मिटून ठेवली.

"रेकॉर्डिंगले क्लारनेट दोन होते," मोठे बाबा अचानक म्हणाले. "एक मी अन् एक तो."

'तो' म्हणजे त्यांचा बँडमधला जोडीदार. मी लहान असताना तो आमच्याकडे जेवायला यायचा. आता दोन गल्ल्या सोडून मुलाकडे राहतो. मोठ्या बाबांनी पायात चपला सरकवल्या. "चाल, त्यालेच इचारू."

जोडीदार ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. जय भीम झाला, पुन्हा चहा आला. ऐकायला त्याला कमी येतं, म्हणून मी लॅपटॉप अगदी त्याच्या कानाजवळ धरला आणि आवाज पुरा वाढवला. त्यानं डोळे मिटून ऐकलं. डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं.

"हा मी हाओ," तो म्हणाला. "गाद्याच्या गोदामातला. माह्या पत्तीले चीर गेली होती त्या दिवशी. हवा जाऊन राहिली होती."

पत्ती म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधतात ती बोरूची पातळ पट्टी. तिला चीर गेली की हवा निसटते, हे मलाही माहीत होतं. मी मोठ्या बाबांकडे पाहिलं. तासाभरापूर्वी याच सुराला ते शिकाऊ म्हणाले होते.

"तू नाई तो," मोठे बाबा म्हणाले. "मी हाओ."

"आता तं तुम्ही नाही म्हणत होते," मी म्हटलं.

"तवा बराबर आयकलं नोतं."

"अरे, चिरेचा आवाज आहे हा," जोडीदार म्हणाला.

"दाताचा आहे. तुही पत्ती माह्या डब्यातली होती, कोरी करकरीत. मीच देल्ली होती तुले."

दोघांपैकी कुणीही आवाज चढवला नाही. उलट दोघं फार हळू बोलत होते आणि त्यामुळेच मला जास्त अवघडल्यासारखं झालं. मी कशाला आले इथं, असं वाटलं. दोन म्हाताऱ्या माणसांच्या मधोमध बसून मी एका सेकंदाचा आवाज पुन्हा पुन्हा वाजवत होते आणि तो कोणाचा हे ठरवायला माझ्याकडे कसलंच साधन नव्हतं. एवढंच काय, ही अकोल्याचीच कॅसेट आहे, हेही मी फक्त माझ्या कानावर विसंबून धरून चालले होते.

विषय बदलावा म्हणून मी पिशवीतून छोटा कीबोर्ड काढून जोडला आणि मोठ्या बाबांसमोर ठेवला. "वाजवून तर पाहा."

क्लॅरिनेट त्यांनी कवळी बसली तेव्हाच सोडलं होतं. कवळीवर तोंड टिकत नाही म्हणायचे. आता त्यांनी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली आणि मिरवणुकीत वाजायची ती चाल एकेक पट्टी शोधत वाजवू लागले. दोन-तीनदा चुकले, मग बोटाला वाट सापडली. ओसरीवर क्लॅरिनेट वाजायला लागलं. 'फस्' आणि सूर, 'फस्' आणि सूर. जोडीदार मांडीवर ताल धरत होता. आतून त्याची सून येऊन उभी राहिली.

चाल दुसऱ्यांदा वरच्या सुरावर आली आणि मोठे बाबा थांबले. तीच पट्टी पुन्हा दाबली. पुन्हा दाबली.

"ही एकच फूक आहे," ते म्हणाले. "दर वेळी तीच."

"हो. एकदा वाजवलेलं तेच परत परत येतं."

"मी एक सूर दोन खेपा सारखा नाई वाजवला कदी." त्यांनी बोट पट्टीवरून उचललं. "माणूस मीच वाटून राहिलो. पण वाजवून मी नाई राहिलो. कसं सांगू तुले?"

जोडीदार म्हणाला, "आण इकडे," आणि त्यानं कीबोर्ड स्वतःच्या मांडीवर ओढला. तो दुसरी चाल वाजवू लागला आणि मोठे बाबा त्याला सूर सांगू लागले. दुपारची जेवायची वेळ टळून गेली तरी दोघं उठेनात, तेव्हा मोठ्या आईचा फोन आला.

अमरावतीला परतल्यावर मी सॉफ्टवेअरवाल्याला ईमेल लिहिला. चार दिवसांनी उत्तर आलं. त्या कॅसेटी त्यानं एका जुन्या बाजारात पेटीभर एकत्र घेतल्या होत्या, कुठल्याच कॅसेटीवर नाव नव्हतं, आणि मूळ कॅसेट आता त्याच्याकडेही नव्हती. वाजवणाऱ्याला कधी विचारलं नाही याबद्दल त्यानं क्षमा मागितली आणि पुढं विचारलं : नाव कळवता का? वाद्याबरोबर ते देईन.

मी अकोल्याला फोन लावला. मोठ्या बाबांना ईमेल वाचून दाखवला.

"त्याचं नाव लिहा म्हणा," ते म्हणाले.

"पण तुम्ही तर म्हणाले, तो नाही."

"नाईच तो. पण त्याले रडू आलं ना."

अर्ध्या तासानं जोडीदाराच्या मुलाच्या फोनवरून फोन आला. जोडीदार ओरडून बोलत होता. त्यानं सांगितलं, मोठ्या बाबांचं नाव लाव, मी सांगतो म्हणून लाव. मी विचारलं, मग तो आवाज तुमचा नाही का? तो म्हणाला, आवाज माझाच आहे. मी फोन ठेवला. दोघांनीही आपलं म्हणणं सोडलं नव्हतं आणि दोघांनीही नाव सोडून दिलं होतं.

दरम्यान माहितीपटाचं काम करायचंच होतं. मी सातवं वाद्य वापरलं, सगळी बटणं शून्यावर ठेवून. मैत्रीण म्हणाली, छान आहे, पण जुनं वाटत नाही. मी लाट परत चढवली. आता छान, ती म्हणाली. तो भाग मी नंतर ऐकलेला नाही.

ईमेलचं उत्तर मात्र मी आठवडाभर लिहीत होते. दोन्ही नावं लिहिली, खोडली. एक लिहिलं, खोडलं. शेवटी फक्त गाव लिहून पाठवलं, आणि त्यातही मला खात्री नव्हती.

दिवाळीच्या सुमारास सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. सातव्या वाद्यापुढे लिहिलं होतं : 'क्लॅरिनेट, अकोला?' मी मोठ्या बाबांना फोन करून ते वाचून दाखवलं. जोडीदार तेव्हा त्यांच्याकडेच बसलेला होता. हल्ली रोजच येतो, असं मोठ्या आईनं सांगितलं होतं.

"अकोल्याच्या पुढे काय आहे म्हणाली?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"प्रश्नचिन्ह."

"ते कोणं टाकलं?"

"मी."

पलीकडे ते जोडीदाराला मोठ्यानं सांगताना ऐकू आलं, मग दोघांचं काहीतरी बोलणं झालं, ते मला कळलं नाही. फोन परत कानाशी आला.

"राहू दे," मोठे बाबा म्हणाले, आणि फोन मोठ्या आईकडे दिला.