बनवणारी व्यक्ती: शालन कांबळे

बरेच दिवस हे सांगायचं मी टाळलं. मुलीने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी विषय बदलला. "धंदा म्हटला की असं चालायचंच," असं म्हणून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आता सांगतो. मी गेल्यावर हे सांगणारं कुणी उरणार नाही आणि मोबाइलवर जे खोटं माझ्या संमतीने उभं होतं, तेच खरं ठरेल.

कळव्यातलं आमचं घर, दुसरा मजला. सकाळची वेळ. दारात एक बाई उभ्या होत्या. पाकिटावरचा पत्ता बघून घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधून गाडी करून आलेल्या. मुलाच्या साखरपुड्यात पाहुण्यांना द्यायला त्यांना काळ्या मसाल्याची पाकिटं हवी होती आणि घरपोच येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. हातात मोबाइल, त्यावर आमच्या मसाल्याचं पान. पानावर पैठणी नेसलेल्या, नथ घातलेल्या एका बाईंचा फोटो.

"या काकू आहेत का घरात? म्हटलं भेटूनच जावं," त्या म्हणाल्या.

माझी बायको शालन माझ्या मागेच उभी होती. पदर खोचलेला, मिरच्यांची देठं काढून हात लाल झालेले. मसाला तिचा. फोटोतली बाई कोण, ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, "त्या गावाला गेल्यात. ही आमच्याकडे कामाला असते."

हेच शब्द. एकही कमी-जास्त करत नाही.

बाई शालनकडे वळल्या. "मावशी, मग तुम्हीच द्या ना. हात तेवढे धुऊन घ्या हं."

शालनने हात धुतले. पाकिटं पिशवीत भरली. बाईंनी जाताना तिच्या मुठीत एक नोट कोंबली. "चहाला ठेवा. आणि काकूंना सांगा, अशी चव घराण्यातूनच येते."

मी सगळा वेळ दार अडवून उभा होतो. पाठीमागच्या भिंतीवरचं विहाराचं कॅलेंडर त्यांना दिसू नये म्हणून.

दार लागलं. शालन नोटेकडे बघत राहिली. मग हसली. म्हणाली, "पगार कधीपासून सुरू करताय, मालक?"

मीही हसलो. मला वाटलं, तिने गमतीवारी नेलं.

त्या दिवसापासून तिने मला 'अहो' म्हटलं नाही. "मालक, चहा ठेवलाय." "मालक, गोळी घेतली का?" चारचौघांतसुद्धा. शेजारणींना ती थट्टा वाटायची. मला कळत होतं.

हे इथवर कसं आलं ते सांगतो.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअरला कारकून होतो. निवृत्त झालो. घरात दोन माणसं, आणि शालनचा मसाला. आमच्या वस्तीत लग्न असलं की आमटीचा मसाला तिच्याकडूनच जायचा. खोबरं किती काळं भाजायचं, दगडफूल कधी टाकायचं, हे तिने माझ्या आईकडून उचललेलं. कांडपाला गेली की ती डंक्यापासून, मसाला कुटायच्या त्या यंत्रापासून, हलायची नाही. डोळे वाहत असायचे, नाकाला पदर, पण जागा सोडायची नाही. जागा सोडली की आपल्या मसाल्यात आधीच्या बाईचा मसाला येतो, म्हणायची.

मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला. तिने सुचवलं, घरगुती पदार्थ विकायची एक ऑनलाइन बाजारपेठ आहे, तिथे टाका. शालनला पटलं. "माझं नाव येईल ना त्यावर?" एवढंच तिने विचारलं. आयुष्यात तिचं नाव फक्त रेशनकार्डावर आणि मतदार यादीत आलेलं. मी म्हटलं, येईल की.

माल टाकायचे नियम होते. मी चष्मा लावून सगळे वाचले, स्टोअरचा माणूस मी. पाकिटाचा फोटो पांढऱ्या कापडावर. वजन, घटक, टिकण्याची मुदत. परवाना क्रमांक. बनवणाऱ्या व्यक्तीचं पूर्ण नाव आणि फोटो. 'पदार्थामागची परंपरा' चार ओळींत. आणि शेवटी ठळक अक्षरांत: बनवणारी व्यक्ती वेगळी आढळल्यास खातं बंद.

परंपरेत मी खरं ते लिहिलं. आमची वस्ती गावाबाहेर होती, घरात डाळ थोडी आणि खाणारी तोंडं जास्त, पाण्यासारख्या आमटीला चव यावी म्हणून माझी आई हा मसाला करायची. चार ओळी. शालनने त्या मला दोनदा वाचायला लावल्या.

लिस्टिंग, म्हणजे मालाची नोंद, परत आलं. कारण लिहिलेलं: 'मजकूर सुधारा.' मी सुधारला. परत आलं. मग त्यांच्या ऑफिसातून फोन आला, या म्हणून.

घोडबंदर रोडवर काचेचं ऑफिस. विक्रेत्यांचं काम बघणाऱ्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान असतील. गोड बोलत होत्या.

"काका, मसाला एक नंबर आहे. माझ्या घरी सगळ्यांनी खाल्लाय."

"मग?"

"प्रॉब्लेम आमचा नाहीये हो. आम्ही तसलं काही मानत नाही. पण कस्टमर आडनाव बघतात. खाण्याची वस्तू आहे ना. आणि ते गावाबाहेर वगैरे... लोकांना छान वाटलं पाहिजे वाचून."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"आपण असं करू. 'सरदार घराण्याचा काळा मसाला.' आडनाव काढून टाकू, नुसतं शालिनीताई ठेवू. फोटो आमच्याकडे आहेत रेडीमेड. एवढ्यासाठी आम्ही नियम थोडा ढिला करतो. तुमच्या फायद्याचंच सांगतेय, काका."

आमच्या गावातल्या सरदारांच्या विहिरीवर माझ्या आईला पाण्याला हात लावायची मुभा नव्हती. ओंजळ पुढे करून ती तासन्‌तास उभी राहायची, कुणीतरी वरून ओतावं म्हणून. तिचा मसाला आता त्यांच्या नावावर जाणार होता. मी विचारायला हवं होतं, आडनाव काढायचं हे कुठल्या नियमात लिहिलंय? मला सगळे नियम पाठ होते. मी विचारलं नाही. एसी होता, खुर्ची मऊ होती, काचेचा ग्लास भरून पाणी समोर ठेवलेलं होतं. मी 'ठीक आहे' म्हणालो.

घरी येऊन शालनला सांगितलं, तांत्रिक अडचण आहे, नाव नंतर घालू.

मसाला धडाधड खपला. पाच-पाच तारे. 'राजेशाही चव.' 'खानदानी.' मी ते वाचून दाखवायचो आणि ती भाजत बसायची. मग एक दिवस त्या बाई दारात आल्या, आणि खातं बंद होईल या भीतीने मी ते वाक्य बोललो.

आठवडाभराने शालन म्हणाली, "माझा मसाला डंक्यात असतो तेव्हा मी शिंकायलासुद्धा बाजूला होत नाही. तुम्ही माझं नाव तिथे टाकून आलात, मालक."

"जरा जम बसू दे. मग बदलू."

"बसू द्या. मी उठले."

तिने विकायचा मसाला बंद केला. घरापुरता करायची, शेजारी मागितला तर द्यायची. मी हट्टाला पेटलो नाही, माफीही मागितली नाही. पानावर 'सध्या उपलब्ध नाही' असं टाकून दिलं. नथवाली बाई तिथे हसतच राहिली.

पुढच्या वर्षी शालन गेली. हृदयविकार.

तिच्या पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. बायका एकेक करून उठत होत्या. एक म्हणाली, "माझ्या लग्नातली आमटी शालनबाईंच्या मसाल्याची होती, माझ्या मुलीच्या लग्नातलीपण." दुसरी म्हणाली, "डंक्यावर त्यांच्या शेजारी उभं राहून शिकले मी." सगळ्या विहाराला ठाऊक होतं मसाला कुणाचा. त्याच वेळी माझा मोबाइल वाजला. त्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं: 'सरदारांच्या घरचा मसाला परत कधी?'

माझ्यावर दोन शब्द बोलायची वेळ आली. मी उठलो आणि खाली बसलो. आपल्या बायकोबद्दल बोलायचा अधिकार मी त्या दारात विकून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावलं. तिला मसाला येतो, आईच्या हाताखाली शिकलेली. आम्ही दोघांनी नवं लिस्टिंग केलं. पाकिटावर 'शालन कांबळे यांचा काळा मसाला'. बनवणारी व्यक्ती म्हणून मुलीचं पूर्ण नाव, मुलीचा फोटो. परंपरेत आधीच्या चार ओळी, आणि शालनचं नाव.

परत आलं. तोच मजकूर पुन्हा पाठवला. परत आलं. पुन्हा पाठवला. मग मॅडमचा फोन.

"काका, खाण्याच्या वस्तूत जात कशाला आणायची आपण?"

"मी नाही आणली. तुम्ही आमचं आडनाव काढलंत, तेव्हाच ती आत आली."

"तसं नाही हो..."

"मग नियम दाखवा. लेखी. कुठलं आडनाव चालतं आणि कुठलं नाही, ते छापा तुमच्या पानावर."

"वर विचारून सांगते, काका," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "तोवर रोज पाठवणार. मी निवृत्त माणूस आहे, मॅडम. मला दुसरं काम नाही."

घोडबंदरच्या त्या बाईंकडेही गेलो, पत्ता त्यांच्या जुन्या ऑर्डरवर होता. त्यांनी दार अर्धं उघडलं. म्हटलं, "त्या दिवशी तुम्हाला पाकिटं दिली ती कामवाली नव्हती. माझी बायको होती, मसाला तिचाच. घराणं बिराणं काही नाही, आम्ही गावाबाहेरचे." त्या म्हणाल्या, "अहो, मग तेव्हाच सांगायचं ना. आम्ही काही तसले नाही." पण दार अर्धंच राहिलं. त्यांची नोट शालनने खर्चली नव्हती, डब्यात ठेवली होती. ती त्यांच्या हातात ठेवून मी जिना उतरलो.

लिस्टिंग अजून अडकलेलं आहे. आजही सकाळी पाठवलं. त्यांना कंटाळा येईल, मला येणार नाही. मसाला आम्ही डंक्यावरून, विहारातून, डोंबिवलीला मुलीच्या दारातून विकतो. प्रत्येक पाकिटावर पूर्ण नाव. आडनाव सगळ्यात मोठ्या अक्षरात. ज्याला त्या आडनावाची चव नको, त्याला तो मसालाही मिळणार नाही.

हॉस्पिटलात शेवटच्या संध्याकाळी शालन म्हणाली, "मालक, पाणी द्या." मी पाणी दिलं. माफीचे शब्द ओठांवर आले होते. समोर नर्स होती, शेजारच्या खाटेवर पाहुणे होते. मला वाटलं, चारचौघांत नको, उद्या बोलू.

दारात परक्या बाईसमोर नाकारलं होतं. परक्यांसमोरच म्हणायला हवं होतं: ही कामाला नाही. ही शालन, माझी बायको. माझं चुकलं.