तीन सुरांची तबकडी

कपाट आवरताना जुन्या तबकडीच्या पाकिटाचा कुबट वास आला आणि साठच्या दशकातलं आमचं बंगलोरचं क्वार्टर आठवलं.

कारखान्याने जर्मनीला पाठवलेल्या सगळ्यांनी येताना मिक्सर आणले. ह्यांनी आणल्या मोजक्याच प्रती निघालेल्या तबकड्या. एकीवर तर नुसते तीन सूर पुन्हा पुन्हा वाजत. सुई अडकली समजून शेजारच्या अक्कांनी ती उचललीच. ह्यांनी हसत तबकडी पहिल्यापासून लावली.

"स्वल्प थांबा, अक्का. हळूहळू बदलतंय."

"काही बदलत नाहीये," म्हणत मी कणीक मळायला निघून गेले.

आता ह्यांना काही आठवत नाही. दिवसभर एकच विचारतात, "चहा झाला का?" मी दमून शेजारी बसते आणि ह्या खेपेला कुठे काही बदलतंय का, ते ऐकत राहते.