आधी सुपारी की आधी आवर्तन

कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवताना दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो: लूपमध्ये, म्हणजे तेच काम फिरून फिरून करणाऱ्या भागात, i++ लिहायचं की ++i? मी ठणकावून सांगते, आकडा एकानं वाढवणं एवढंच काम असेल तर काहीही लिहा, फेऱ्या तेवढ्याच होतात. फरक पडतो तो वाढवता वाढवताच कुणी आकडा वाचला तर. i++ जुना आकडा हातात देतं, ++i वाढलेला.

रामघाटावरच्या आमच्या घरात हे दोन्ही प्रकार सुखानं नांदतात. सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, दोघेही भिक्षुक. अभिषेकात रुद्र अकरा वेळा म्हणायचा, त्या अकरा आवर्तनांना अकरा सुपाऱ्या, एकेक या थाळीतून त्या थाळीत जाते. सासरे आधी सुपारी सरकवतात, मग म्हणायला लागतात. काकांचं आवर्तन म्हणून झालं की मग ते सरकवतात. देवघराला लागूनच मी भाजी चिरत बसते, म्हणून मला दिसतं. बाकी कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

गेल्या श्रावणात आवर्तन म्हणता म्हणता सासऱ्यांना ठसका लागला. ते पाणी प्यायला उठले. तेवढ्यात पूजा करवून घेणाऱ्या जजमानांना घेऊन काका आत आले, पहिली थाळी रिकामी पाहून आरतीच्या तयारीला लागले. सासरे परतले आणि एक आवर्तन राहिलंय म्हणाले.

"दादा, थाळी तर खाली आहे," काका म्हणाले. "गिनती आता तुमच्याच्यानं होत नाही. पुढच्या खेपेपासून तुम्ही बसू नका."

सासऱ्यांचा हात सवयीनं चालतो, सुपारी कधी सरकवली हे त्यांना स्वतःलाही सांगता येईना. सगळी हयात ज्या आसनावर गेली ते सुटणार, आणि त्यांचा स्वतःवरच भरवसा उरला नव्हता. मला ते बघवेना. जजमानांसमोर सुनेनं मधे बोलायची आमच्याकडे रीत नाही. मी बोलले.

"काका, बाबा आधी सरकवतात. शेवटची सुपारी सुरू केलेल्या आवर्तनाची आहे, पुऱ्या झालेल्याची नाही. तुम्ही मधेच येऊन मोजलंत."

काका थाळीकडे बघत राहिले. मग त्यांनी एक सुपारी उचलून परत पहिल्या थाळीत ठेवली आणि दोन्ही थाळ्या भावापुढे केल्या.

"दादा, सरकवा आणि म्हणा."

सासऱ्यांनी सुपारी सरकवली आणि बसलेल्या आवाजात ते आवर्तन पहिल्यापासून सुरू केलं. काका शेजारी मांडी घालून बसले. आवर्तन पुरं होईपर्यंत त्यांनी थाळीकडे एकदाही पाहिलं नाही.